जर्मनीची गाडी, नेदरलँड्सचा नंबर

मागच्या उन्हाळ्यात आमच्या नेदरलँड्समधल्या ऑफिसातल्या सोलापूरच्या एका मुलाचा दुपारी फोन आला. "दादा, गाडी मिळाली! जर्मनीत क्रेफेल्डला उभी आहे. आपल्याकडे एकवीस हजार युरोंना जाते ती इथे सोळाला देतोय. टोकन देऊन टाकू का?" मी म्हटलं, "थांब. त्याच्याकडून गाडीचं रजिस्ट्रेशन माग. त्यात व्ही.७ असं लिहिलेला एक रकाना असेल, तिथला आकडा वाच." तो म्हणाला, "एकशे अठ्ठावन्न." मी म्हटलं, "टोकन देऊ नकोस. संध्याकाळी घरी ये, हिशेब करू."

आइंडहोवनहून ए-६७ हायवे धरला की व्हेन्लो ओलांडल्यावर पाटी बदलते आणि तोच रस्ता जर्मनीचा ए-४० होतो. अधूनमधून होणारी पोलिसांची तपासणी सोडली तर कायमचा नाका नाही, पासपोर्टही क्वचितच कोणी बघतं. सीमा दिसतच नाही म्हटल्यावर आपल्या लोकांना वाटतं की गाडीही अशीच आणता येत असेल. पैसे दिले, किल्ली घेतली, घरी आलो. गाडी आणता येतेच, आणि ती आणण्यात फायदाही असतो. पण इथे राहणाऱ्या माणसाने ती इथल्या रस्त्यावर चालवायची तर तिला नेदरलँड्सचा पिवळा नंबर हवा, आणि तो मिळण्याआधी एक कर भरावा लागतो. या करामुळे कित्येकांचं गणित कोसळलेलं मी पाहिलं आहे. म्हणून आधी कर, मग कागद, आणि गाडी सगळ्यात शेवटी.

युरोपियन युनियनच्या दोन देशांमध्ये सीमाशुल्क नाही, त्यामुळे 'इम्पोर्ट ड्यूटी' हा शब्द इथे डोक्यातून काढून टाका. व्हॅटचंही बहुतेक वेळा काही होत नाही. वापरलेली गाडी डीलरकडून घेतली तर त्याने आपल्या नफ्यावरचा व्हॅट तिकडेच भरलेला असतो, आणि खासगी माणसाकडून घेतली तर व्हॅटचा प्रश्नच येत नाही. अपवाद फक्त जवळजवळ नव्या गाडीचा. पहिल्या नोंदणीपासून सहा महिने उलटले नसतील, किंवा मीटरवर ६,००० किलोमीटरपेक्षा जास्त पडले नसतील, तर कायद्याच्या दृष्टीने ती गाडी 'नवी' असते. दोन्हींपैकी एक गोष्ट पुरेशी आहे. वर्षभर जुनी पण पाच हजारच किलोमीटर फिरलेली गाडी 'नवी'च धरतात, आणि मग पूर्ण किमतीवर नेदरलँड्सचा २१ टक्के व्हॅट इथे भरावा लागतो. जर्मनीत मोटार कंपन्यांचे कर्मचारी वर्षभर वापरून विकतात त्या गाड्यांना 'यारेसवागन' म्हणतात. त्या घेताना मीटर नीट वाचायचा तो याचसाठी.

आता मुख्य कर. त्याला इथे बेपेएम म्हणतात. नेदरलँड्समध्ये कुठलीही गाडी पहिल्यांदा नोंदवताना तो भरायचा असतो आणि तो गाडीच्या धुरावर ठरतो, म्हणजे दर किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्यावर. जर्मनीत असा नोंदणी-कर नाही. तिथली गाडी स्वस्त दिसते त्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. इथल्या एकवीस हजारांच्या किमतीत पूर्वी भरलेल्या बेपेएमचा काही भाग मुरलेला असतो, तिथल्या सोळा हजारांत तो नसतो.

कर आपल्या आयकरासारखा टप्प्याटप्प्याने चढतो. खालच्या टप्प्यात एका ग्रॅमला एक-दोन युरो, सगळ्यात वरच्या टप्प्यात एका ग्रॅमला काही शे युरो. डिझेलला वर वेगळा अधिभार. त्यामुळे एकशे वीस ग्रॅम आणि एकशे साठ ग्रॅम हा फरक कागदावर चाळिसाचा दिसला तरी पैशांत तो कित्येक हजारांचा असतो. सोलापूरच्या मुलाच्या गाडीचं संध्याकाळी आम्ही गणित मांडलं तेव्हा कर पाच हजारांच्या घरात जात होता. किमतीतला फरक जवळजवळ तेवढाच. म्हणजे दोन रजा, रेल्वेची तिकिटं, विमा, तपासणीची फी एवढं सगळं करून हाती काहीच उरणार नव्हतं.

पण पाच वर्षं जुन्या गाडीला नव्या गाडीचा अख्खा कर लावत नाहीत, आणि ही सवलत सरकारने मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. ती लोकांनी कोर्टात भांडून मिळवली आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १९९० साली युरोपच्या न्यायालयासमोर डेन्मार्कचं प्रकरण आलं. डेन्मार्क बाहेरून आलेल्या जुन्या गाडीची किंमत सहा महिन्यांनंतरही नव्याच्या ९० टक्के धरत असे, गाडी दोन वर्षांची असो की दहा. न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. १९९५ साली पोर्तुगालच्या खटल्यात तत्त्व आणखी स्पष्ट झालं: शेजारच्या देशातून आलेल्या जुन्या गाडीवर, तशाच देशी जुन्या गाडीच्या किमतीत जेवढा कर शिल्लक असेल, त्यापेक्षा जास्त कर लावता येणार नाही. पुढे हंगेरी, पोलंड, रोमानिया यांच्याही सरकारांना याच तत्त्वाने वाकावं लागलं. या सगळ्यामागे युनियनच्या करारातलं एक कलम आहे, आजच्या क्रमांकाने ११०वं. त्याचा मतितार्थ एवढाच की आपला माल आणि शेजाऱ्याचा माल यांच्यात कराच्या वाटेने भेदभाव करायचा नाही.

हे तत्त्व आपल्याकडच्या माणसाला पटकन कळावं. महाराष्ट्रात आपण गाडीचा रोड टॅक्स एकदाच एकरकमी भरतो. बदली होऊन कर्नाटकात गेलो आणि गाडी कायमची तिकडे नेली, तर आरटीओची एनओसी घ्यायची, बारा महिन्यांत तिकडचा नंबर घ्यायचा, तिकडचा कर भरायचा आणि इकडच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. ज्यांनी तो मागितला आहे त्यांना ठाऊक आहे किती चपला झिजतात. तत्त्व मात्र तेच: कर गाडीसोबत म्हातारा होतो, आणि नव्या जागी गाडीच्या वयाएवढीच मागणी करता येते.

तर बेपेएम दोन पायऱ्यांत काढायचा. आधी ती गाडी नवी असताना किती कर बसला असता ते, मग त्यातून झीज वजा. समजा नव्या गाडीला ८,००० युरो कर बसला असता आणि गाडीची किंमत आता ६० टक्क्यांनी घसरली आहे, तर भरायचे ३,२००. पहिल्या पायरीत एक सवलत आहे जी अनेकांना माहीत नसते: दर आजचा घ्यायचा की गाडीच्या पहिल्या नोंदणीच्या वेळचा, हे तुम्हाला निवडता येतं. जो कमी पडेल तो घ्या. दुसऱ्या पायरीतही निवड आहे. एक सरकारी तक्ता आहे, त्यात गाडीचं वय टाकलं की झिजेचा टक्का मिळतो. दुसरा मार्ग बाजारभावाच्या यादीचा. तिथे तुमचं नेमकं मॉडेल, किलोमीटर आणि त्यातल्या सोयी धरून आजची किंमत काढतात. तिसरा मार्ग मूल्यमापकाच्या अहवालाचा, पण तो नेहमीच्या वापरापेक्षा जास्त नुकसान झालेल्या किंवा यादीतच नसलेल्या गाडीसाठी. अहवाल दिला की कर खातं 'गाडी आम्हाला दाखवा' म्हणू शकतं, म्हणून ठोकलेला बंपर आणि घासलेला दरवाजा आधीच दुरुस्त करून बसू नका. माझा सल्ला असा की तक्ता आणि यादी, दोन्हींचा हिशेब काढा आणि मगच ठरवा. घाईत तक्ता धरून शेकडो युरो जास्त भरणारे पुष्कळ आहेत.

इलेक्ट्रिक गाडीची गोष्ट वेगळी. २०२४ संपेपर्यंत तिला बेपेएम नव्हताच. २०२५ पासून नव्या इलेक्ट्रिक गाडीला ६६७ युरोंचा एक ठराविक आकडा लागला, वापरलेलीला त्यातला उरलेला भाग. म्हणून जर्मनीतून इलेक्ट्रिक गाडी आणणं करापुरतं तरी सोपं आहे. तिथे नजर कराऐवजी बॅटरीवर ठेवायची, आणि तिच्या तपासणीचा लेखी दाखला मागायचा.

कागदांकडे वळू. जर्मन गाडीची नोंदणी दोन तुकड्यांत असते. पहिला घडीचा कागद गाडीत ठेवायचा, त्याला लोक 'फारत्सॉयगशाइन' म्हणतात. दुसरा मालकाने घरी जपून ठेवायचा, तो 'फारत्सॉयगब्रीफ'. पहिल्या कागदावर बी रकान्यात पहिल्या नोंदणीची तारीख असते, ई मध्ये चासी नंबर, आणि व्ही.७ मध्ये तो धुराचा आकडा. फोनवर फोटो मागवला की या तिघांवरून बेपेएमचा अंदाज घरबसल्या निघतो. म्हणूनच मी त्या मुलाला आधी तोच रकाना वाचायला लावला.

दुसरा कागद समोर दिसल्याशिवाय पैसे हातातून सोडायचे नाहीत. आपल्याकडे कर्ज असलं की आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन चढतं. जर्मनीत बँक तो ब्रीफच आपल्याकडे ठेवून घेते. "ब्रीफ नंतर पोस्टाने पाठवतो" असं कोणी म्हणालं तर बहुधा कर्ज फिटलेलं नाही, किंवा गाडी त्याची नाही. त्याशिवाय सीओसी म्हणून कारखान्याचा एक दाखला असतो, गाडी युरोपच्या नियमांप्रमाणे बनली आहे असं सांगणारा. तो मिळाला तर इकडे तपासणी सोपी जाते. तपासणीचा अहवालही मागा. गाडीचं 'ट्युफ' कधीपर्यंत आहे हे जर्मनीत कोणीही तोंडपाठ सांगतो, कारण तिकडे खासगी गाडीची दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे.

किलोमीटरच्या बाबतीत मी स्वतः पोळलो आहे. २०१९ मध्ये एका जर्मन डीलरकडून घेतलेली स्टेशन वॅगन मीटरवर ९४,००० दाखवत होती. इकडे आणल्यावर दोन महिन्यांनी मेकॅनिकने सीटची रेल, पेडलचं झिजलेलं रबर आणि एका जुन्या सर्व्हिसचं बोनेटखाली चिकटवलेलं स्टिकर दाखवलं. स्टिकरवर दोन वर्षांपूर्वीचा आकडा होता १,३१,०००. त्या रात्री मला झोप लागली नाही. जर्मनीत मीटर मागे फिरवणं २००५ पासून गुन्हा आहे, पण किलोमीटरची मध्यवर्ती सरकारी नोंदवही तिथे नाही. नेदरलँड्समध्ये ती आहे. गॅरेजमध्ये गाडी गेली की आकडा नोंदला जातो, आणि २०१४ पासून हे काम इथलं वाहन प्राधिकरण, म्हणजे एर-डे-वे, बघतं. बेल्जियममध्येही 'कार-पास' आहे. म्हणून मला विचाराल तर शेजारी दोन असताना किलोमीटरच्या बाबतीत बेल्जियमचा आकडा जास्त भरवशाचा. जर्मन गाडी घेताना शिक्क्यांची सर्व्हिस बुक मागा, प्रत्येक ट्युफ अहवालावरचा किलोमीटरचा आकडा तारखांशी ताडून बघा, आणि बोनेट उघडून असं एखादं स्टिकर शोधा. मी नंतर घेतलेल्या प्रत्येक गाडीत ते शोधतो.

करारात दोन शब्द नीट वाचा. 'उनफालफ्राय' म्हणजे अपघात न झालेली. तो शब्द तोंडी नको, करारात लिहून घ्या. आणि ग्राहक म्हणून डीलरकडून घेताना जुन्या गाडीतल्या मूळ दोषांची निदान एक वर्षाची जबाबदारी त्याच्यावर असते. ती टाळायला काही जण बिलावर 'फक्त निर्यातीसाठी' किंवा 'फक्त व्यापाऱ्यांना' असं लिहितात. असं बिल पुढे आलं तर मी उठून येतो, गाडी कितीही आवडलेली असो. खासगी विक्रेता 'जशी पाहिली तशी घेतली' असं लिहून जबाबदारी झटकू शकतो, आणि ते कायदेशीर आहे. म्हणून खासगी गाडी असेल तर जाताना ओळखीचा जाणकार सोबत न्या.

गाडी इकडे आणायची कशी? जर्मन नंबर काढून टाकलेला असेल तर ती रस्त्यावर चालवता येत नाही. मग एक तर ट्रेलरवर घालून आणायची, किंवा निर्यातीचा तात्पुरता नंबर काढायचा. त्या पाटीच्या उजव्या टोकाला लाल पट्टी असते आणि तिच्यावर मुदतीची तारीख. त्यासाठी विमा लागतो, चालू ट्युफ लागतं, आणि नोंदणी कार्यालयात एक सकाळ जाते. पिवळ्या पट्टीची पाच दिवसांची पाटी स्वस्त पडते, पण ती जर्मनीच्या आत चालवण्यासाठी असते. सीमा ओलांडली की भांडण तुमच्या गळ्यात. क्रेफेल्ड किंवा मंशनग्लाडबाखसारख्या जवळच्या गावाहून आणायची असेल तर मी ट्रेलरच सुचवेन. म्युनिकहून आणायची असेल तर लाल पट्टी.

इकडे आल्यावर क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करता येत नाही. आधी एर-डे-वेच्या तपासणी केंद्रावर वेळ घ्यायची. तिथला माणूस चासी नंबर कागदाशी जुळवतो, गाडी धड आहे का बघतो, मीटर नोंदवतो आणि जर्मन कागद ठेवून घेतो. अस्सल कागद हातातून जाताना आपल्या लोकांचा जीव खाली-वर होतो. घाबरू नका, झेरॉक्स घरी ठेवा. मग कर खात्याकडे बेपेएमचं विवरण भरायचं, त्यासोबत हिशेबाचे पुरावे जोडायचे, पैसे भरायचे. ते जमा झाले की नोंदणीचं कार्ड पोस्टाने घरी येतं. कार्ड घेऊन मान्यताप्राप्त दुकानात गेलं की पिवळी पाटी तिथेच ठोकून देतात. जर्मनीत मालक किंवा गाव बदललं की नंबर बदलू शकतो, इथला नंबर मात्र गाडीचाच असतो, मालक कितीही बदलोत.

एक मोठी सूट राहिली. कामानिमित्त जर्मनीहून इकडे कायमचं राहायला येणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. तुम्ही किमान बारा महिने नेदरलँड्सबाहेर राहिला असाल आणि गाडी इकडे येण्याआधी निदान सहा महिने तुमच्याकडे, तुमच्याच वापरात असेल, तर घरसामानाचा भाग म्हणून तिच्यावर बेपेएम माफ होतो. अट अशी की त्यानंतर बारा महिने ती विकायची नाही. ही माफी आपोआप मिळत नाही, अर्ज करून मागावी लागते. बदलीची तारीख कळली की गाडीची तारीखही मोजा. मी एका जोडप्याला पाच महिन्यांवर अडकलेलं पाहिलं आहे.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो: "दादा, दोन वर्षांनी परत पुण्याला जायचंय, गाडी सोबत नेऊ का?" नेऊ नका. भारतात जुनी गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा, स्टिअरिंग उजवीकडे हवं, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. जर्मन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे विषय तिथेच संपतो. वरून कर गाडीच्या किमतीपेक्षा मोठा. या अटींकडे पाहिलं की नेपाळ-भूतानमधून जुनी गाडी रस्त्याने आणून भारतात कायमची नोंदवणं सामान्य माणसाला का जमत नाही तेही कळतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' या नावाने छापे घालून भूतानमार्गे आल्याचा संशय असलेल्या महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या, ते याच वाटेचं प्रकरण. भूतानच्या झोंगखा भाषेत नुमखोर म्हणजे वाहन. कोणी तुम्हाला 'भूतानच्या लिलावातली गाडी, कागद सगळे तयार' म्हणून दाखवली तर ते कागद तुमच्या नावावर येणार आहेत हे लक्षात ठेवा.

सोलापूरच्या मुलाने ती गाडी सोडली. तीन आठवड्यांनी त्याने दुसरी शोधली, तीही जर्मनीतलीच. पहिला फोन त्याने विक्रेत्याला केला तो किमतीसाठी नाही, व्ही.७ च्या फोटोसाठी. एकशे अठरा. बेपेएम दोन हजारांच्या आसपास बसला, आणि सगळा खर्च जाऊन त्याचे सव्वीसशे युरो वाचले. पाटी बसवल्याच्या संध्याकाळी त्याने फोन केला तेव्हा मी एवढंच विचारलं, "विमा आजपासून चालू केलास ना?" इथे गाडी नावावर चढली की त्याच दिवसापासून विमा लागतो, गाडी नुसती दारात उभी असली तरी. संगणक दोन याद्या ताडून बघतो आणि दंडाचं पत्र घरी येतं. तो म्हणाला, "दादा, दुपारीच केला."